एकतीस नंबरचं घरटं

कॉटल बेटाच्या आसपास मासेमार घारींची अडतीस घरटी होती आणि दर सहा दिवसांनी त्यांतल्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, हे लेटीचं काम होतं. विद्यापीठाला त्या फोटोंमधून अंडी किती, पिल्लं किती आणि पक्ष्याच्या पायातल्या कडीवर नंबर कोणता, एवढंच हवं असायचं. कॅमेरा विद्यापीठाचा, होडी लेटीची आणि पाठदुखीही लेटीचीच. नऊ वर्षांत तिनं एकही फेरी चुकवली नव्हती. अमेरिकेतल्या चेसापीकच्या खाडीत जन्म काढलेल्या बाईला ऊन, वारा, भरती ही कारणं सांगून चालत नाहीत.

एकतीस नंबरचं घरटं सगळ्यांत शेवटी यायचं. बेटाच्या उत्तर टोकाला पूर्वी वरची वस्ती होती, पंधरा घरं आणि एक लहानसं चर्च. लेटीच्या आजीच्या डोळ्यांदेखत ती पाण्यात गेली. आता तिथे छातीएवढं पाणी होतं आणि त्यातून वर आलेला एक गंजका लोखंडी खांब. एके काळी त्यावर होड्यांसाठी दिवा लागायचा. दिवा गेला आणि त्याच्या जागी घारींनी काटक्या रचायला सुरुवात केली. दर वर्षी जुन्यावर नवा थर, असं करत ते घरटं माणसाच्या उंचीचं झालं होतं. या पक्ष्यांना घर सजवायची भारी हौस. दोरखंडाचे तुकडे, फाटकी जाळी, बाहुलीचा पाय, एका वर्षी तर निवडणुकीचा अख्खा फलक. लेटीला कशाचंच नवल वाटायचं नाही.

मे महिन्यातल्या पहिल्या फेरीला तिनं चाळीस पावलांवर इंजिन बंद केलं आणि होडी भरतीच्या ओढीवर सोडून दिली. मादी अंड्यांवर बसली होती. थोड्या वेळानं नर आला, पंजात मेनहेडन मासा घेऊन. माशाला डोकं नव्हतं. नर नेहमी असंच करतो. लांब कुठेतरी बसून आधी डोकं खातो आणि उरलेला मासा मादीला आणून देतो. मेनहेडन तेलकट, काटेरी आणि वासाचा मासा. बेटावर तो खेकड्यांच्या पिंजऱ्यात आमिष म्हणून घालतात, माणसाच्या ताटात तो कधी येत नाही. लेटीनं वीस-पंचवीस फोटो घेतले आणि घरी आली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ती फोटो मोठे करून पाहायला लागली, तेव्हा घरट्याच्या कडेला काटक्यांत खोचलेली एक टोपी दिसली. खाकी रंगाची, पुढे झापड असलेली. टोपीची कड उलटी झाली होती आणि आतल्या बाजूला टाके दिसत होते. लाल तीन, पांढरा एक.

बेटावरच्या कुणालाही ते टाके ओळखता आले असते. खाडीत बुडालेला माणूस कधीकधी तीन आठवड्यांनी वर येतो आणि तोवर चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवशी बेटावरची प्रत्येक बाई नवऱ्याची जुनी टोपी आणि जुने हातमोजे चुलीत घालते आणि नव्यांवर आपल्या घराची खूण टाचते. टोपीच्या कडेला, मोज्याच्या मनगटाला, सदऱ्याच्या कॉलरच्या आत. लाल तीन, पांढरा एक ही एमरी टलच्या घराची खूण. हिरवे दोन, पिवळा एक ही लेटीच्या घराची.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर एमरी बसलेलाच होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, अजून रोज पहाटे एकटा होडी घेऊन जायचा. शेजारी लेटीचा नवरा ऑब्री लाकडी पेटीवर बसून कॉफी पीत होता.

"कॅप्टन, तुमची टोपी कुठाय?" लेटीनं विचारलं.

"डोक्यावर. का, तुला दिसत नाही होय? एवढाले कॅमेरे वापरून डोळे गेले वाटतं."

"एकतीस नंबरच्या घारीनं नेलीय ती. माझ्याकडे फोटो आहे."

एमरीनं टोपी काढली आणि कड उलटून दाखवली. लाल तीन, पांढरा एक. ओट्यावरचे सगळे हसले.

"म्हणजे चोर सापडला, मालही सापडला," एमरी म्हणाला, "फक्त चोरी व्हायची राहिलीय! बरं, तो नर बिनडोक्याचाच मासा नेतो का अजून बायकोला?"

"रोज."

"शहाणा आहे. आधी आपला घास, मग संसार. आपल्या ऑब्रीसारखा."

"ओ कॅप्टन," ऑब्री म्हणाला, "मी निदान डोकं तरी घरी आणतो. त्यात काही नसतं ही गोष्ट वेगळी."

पुन्हा हशा पिकला. लेटीही हसली. कुणाची तरी जुनी टोपी असेल, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

दुसऱ्याच दिवशी एमरीची होडी सापडली. इंजिन चालू होतं आणि होडी एकाच जागी गोल गोल फिरत होती. दोन दिवसांनी एमरी वर आला. अंगावर सगळे कपडे होते, हातमोजे होते. टोपी तेवढी नव्हती, आणि ती मिळालीच नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या मागच्या खोलीत बायका केक कापत होत्या. एमरीची बायको हेस्पर, बेटावर सगळ्यांची मिस हेस्पर, खिडकीपाशी ताठ बसली होती. लेटीनं तिचा हात हातात घेतला. नको नको म्हणत शेवटी तिनं विचारलंच.

"मिस हेस्पर, तुम्ही कॅप्टनना वर्षाला किती टोप्या करायच्या?"

"एक," हेस्पर म्हणाली. "जुनी जाळायची, नवी घालायची. एक डोकं, एक टोपी. का गं?"

"काही नाही, सहज."

फोटोवर तारीख होती, वेळ होती. ज्या दिवशी तो फोटो काढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ती टोपी एमरीच्या डोक्यावर पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, तिचे टाकेसुद्धा मोजले होते. ऑब्रीला तिनं ते सांगितलं, फोटो दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "चिंधी आहे गं. तुला टाके दिसतात, कारण तुला टाके शोधायची सवय आहे." पण फोटो त्यानं पुन्हा मागितला नाही.

पुढची फेरी दुसऱ्याच दिवशी होती. सदतीस घरटी तिनं नेहमीसारखी केली आणि शेवटी एकतीस नंबरचं आलं. टोपी गेली होती. मादी अंड्यांवर बसलेली होती, वारा दक्षिणेचा होता, सगळं रोजचंच होतं. तेवढ्यात नर आला. तिनं सवयीनं बटण दाबलं. त्याच्या पंजात मासा नव्हता, काहीतरी नारिंगी होतं.

घरी पोचायची तिनं वाट पाहिली नाही. होडीतच, उन्हात हाताचा आडोसा करून तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो मोठा केला. तो रबरी हातमोजा होता. डाव्या हाताचा. घार मासा धरते तसाच धरलेला, बोटं पुढे. मनगटाला टाके होते. हिरवे दोन, पिवळा एक. पिवळा टाका तिरका गेला होता आणि त्याच्या शेजारी एक तपकिरी ठिपका होता. डिसेंबरात तो टाका घालताना लेटीच्या बोटात सुई गेली होती. तो डाग तिच्या रक्ताचा होता.

ती घरात धावत शिरली. ऑब्रीचे मोजे दारामागच्या खिळ्याला टांगलेले होते. दोन्ही होते. तिनं हात लावून पाहिलं. उजवा खडखडीत वाळलेला होता आणि डावा ओला होता.

"आज मोजे घातले होतेस का?" तिनं विचारलं.

"सकाळी. का?"

"डावा ओला आहे."

"मग डाव्या हातानं काम केलं असेल," ऑब्री म्हणाला आणि तिच्याकडे पाहून त्याचं हसू मावळलं. "काय झालं लेटी?"

तिनं कॅमेरा पुढे केला. या वेळी तो चिंधी म्हणाला नाही. खुर्ची ओढून बसला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. तेवीस वर्षांच्या संसारात लेटीनं त्याला असा बसलेला एकदाच पाहिला होता, त्याचा भाऊ गेला तेव्हा.

"पुढच्या फेरीपर्यंत जाऊ नकोस," ती म्हणाली. "सहा दिवस. तुझ्याकडे मी कधी काही मागितलंय का?"

"चौथ्या दिवशी पौर्णिमा आहे. खेकडे कवच टाकायला वर येतील. वर्षातले कमाईचे हेच दिवस असतात, तुला ठाऊक आहे."

"एमरीला पण ठाऊक होतं."

"एमरी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, एकटा होता."

"तू कोण मोठी वरात घेऊन जातोस?"

शेवटी त्यानं शब्द दिला, की उत्तरेला फिरकणार नाही, तरंगायचं जाकीट काढणार नाही आणि दुपारच्या एकच्या आत धक्क्याला लागेन. एवढं झाल्यावर त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आडवा झाला. पहाटे तीनला उठणारा माणूस दुपारी झोपतो.

लेटी मात्र खिळ्यासमोर उभी राहिली. बाई घाबरलेली होती आणि घाबरलेलं माणूस काहीच न करता बसू शकत नाही. घारीला माणूस कसा कळतो? खुणेवरून. टोपी नेली ती खुणेची, मोजा नेला तोही खुणेचा. मग खूणच नसली तर? ज्याच्या नावानं बोलावणं आलंय, त्याचं नावच पुसून टाकलं तर? तिनं कातरी घेतली आणि टाके उसवायला बसली. मोजे, टोपी, तीन सदरे, लोकरीची बंडी. उसवलेले धागे चुलीत टाकले. डाव्या मोज्याच्या एका छिद्रात हिरव्या धाग्याचं टोक अडकून राहिलं. ते नखानं निघेना. राहू दे, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून तिनं मोजा परत टांगला.

पहाटे ऑब्री गेला. लेटीनं अंथरुणातून इंजिनाचा आवाज ऐकला, दक्षिणेकडे जाणारा. तिला बरं वाटलं.

दहाच्या सुमाराला तिला राहवेना. फेरीचा दिवस नव्हता. तरी ती कॅमेरा घेऊन निघाली आणि थेट वरच्या वस्तीवर गेली. पाणी उतरलं होतं. वारा पूर्ण पडला होता आणि खांबाचं प्रतिबिंब न हलता पाण्यावर पडलं होतं. होडी जवळ आली की मादी नेहमी ओरडून आकाश डोक्यावर घेते. आज ती ओरडली नाही.

लेटीनं लेन्स लावली. मोजा घरट्याच्या कडेला होता, मनगटाची बाजू तिच्याकडे करून. तिनं फोटो घेतला आणि मोठा केला.

टाके नव्हते.

सुईची छिद्रं दिसत होती. रक्ताचा ठिपका होता. आणि एका छिद्रातून हिरव्या धाग्याचं टोक बाहेर आलं होतं.

तिनं कॅमेरा खाली ठेवला. मग तिनं लांब काठी उचलली. घरट्यात दोरा अडकून पिल्लाचा पाय कापू नये म्हणून तो काढायची ती काठी, टोकाला आकडा आणि लहानसा आरसा. होडी खांबाला लावून तिनं काठी वर धरली. मादी जागची हलली नाही, फक्त थोडी बाजूला सरकली, जागा करून दिल्यासारखी.

आरशात तीन अंडी दिसली. वाळकं गवत. माशाचे काटे. मोजा नव्हता.

तिनं आरसा फिरवला. सगळी कड पाहिली. नव्हता.

काठी खाली ठेवून ती होडी मागे घेऊन गेली आणि पुन्हा लेन्समधून पाहिलं. मोजा होता. मघाशी त्याची बोटं सपाट पडली होती, आता ती फुगलेली होती. आत हात घातल्यासारखी.

नर शेजारी पाण्यातून वर आलेल्या एका जुन्या खुंटावर येऊन बसला होता. मासेमार घार खुंटावर बसली की खाली पाण्यात बघते. हा बघत नव्हता. तो आणि मादी, दोघं सरळ तिच्या लेन्समध्ये बघत होते.

तिनं इंजिन सुरू केलं आणि मागे वळून पाहिलं नाही.

हेस्पर दाराबाहेर एमरीच्या खुर्चीत बसली होती. लेटीनं धापा टाकत सगळं सांगून टाकलं, टोपीचा फोटो, मोज्याचा फोटो. टाके उसवल्याचं सांगितलं, तेव्हा म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली.

"खूण उसवलीस?"

"म्हटलं, खूण नसली तर घारीला तो ओळखूच येणार नाही."

"खूण कशासाठी असते गं?"

"बुडालेला माणूस ओळखायला."

"ते आपण लेकीबाळींना सांगतो. खूण खाडीसाठी असते, पोरी. हा कुणाचा, कुणाच्या दारात परत द्यायचा, ते तिला कळावं म्हणून." हेस्पर परत खुर्चीत बसली. "माझा एमरी दिला तिनं मला. मेलेला दिला. पण माझाच दिला."

लेटी घरी पळाली, सुई आणि धागे घेतले आणि धक्क्यावर जाऊन बसली. सुईत हिरवा धागा ओवून ठेवला, म्हणजे तो आला की तिथल्या तिथे टाका घालता येईल. बाराला पहिली होडी आली. साडेबारापर्यंत सात आल्या. एकच्या सुमाराला शेवटची दोन माणसं खेकड्यांच्या पेट्या उतरवून गेली. त्यांतल्या एकानं विचारलं, "ऑब्री कुठंय?" आणि तिच्या तोंडाकडे बघून तो दुसऱ्या माणसाला बोलवायला गेला. दोन वाजले. देवा, नुसता येऊ दे, असं लेटी मनात म्हणत होती. कसाही येऊ दे, पण येऊ दे.

तीनला होडी दिसली. उत्तरेकडून येत होती.

ऑब्री उभा राहून सुकाणू धरून होता. जिवंत होता. धक्क्याला होडी लागताच लेटी उडी मारून आत उतरली आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत रडली. इतकं ती लग्नानंतर कधी रडली नव्हती. "एक वाजता म्हणाला होतास! कुठे होतास? उत्तरेला कशाला गेलास?" तो तिच्या डोक्यावरून पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या अंगाला खारा वास येत होता, तो रोजच यायचा.

मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. डावा हात उघडा होता.

"मोजा कुठाय?"

ऑब्रीनं हात वर केला आणि बराच वेळ पाहिला, बोटं एकेक करून उघडत आणि मिटत.

"तिकडे राहिला," तो म्हणाला.

घरी आल्याबरोबर तिनं त्याला उभं केलं आणि कॉलरच्या आत टाके घातले. हिरवे दोन, पिवळा एक. तो अजिबात हलला नाही. एरवी तो गुदगुल्या होतात म्हणून हैराण करायचा. तिनं धागा दातांनी तोडला आणि तिला जरा धीर आला. दमलाय बिचारा, ती स्वतःला म्हणाली. काहीतरी भलतं पाहिलं असेल, सांगेल सावकाश. माणूस घरात आहे, श्वास घेतोय, आणखी काय पाहिजे? म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कुठवर मनाला लावून घ्यायचं.

तिनं खेकड्याचं सूप गरम केलं, मक्याची पोळी कापली, त्याच्या आणि स्वतःच्या जागी ताटं ठेवली. त्यानं हात लावला नाही. खुर्चीतही बसला नाही. उघड्या खिडकीपाशी, येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"भूक नाही का?" तिनं विचारलं.

तेव्हा त्याला काहीतरी आठवलं असावं. तो बाहेरच्या ओट्यावर गेला आणि परत आला. लेटीच्या ताटातली पोळी त्यानं बाजूला सारली आणि तिच्या जागी अलगद एक मासा ठेवला.

मेनहेडन होता. कच्चा, ओला, डोकं नसलेला. मानेपाशी सुरी लागल्याची खूण नव्हती, मांसाचे लोंबते तुकडे होते.

लेटीनं वर पाहिलं. ऑब्री टेबलाच्या पलीकडे उभा होता, मान एका बाजूला कलती करून. वाट बघत होता.

"हे काय?" तिनं विचारलं.

"तू खा," तो मायेनं म्हणाला. "माझं झालं."